मी आहे ना

१

रेडिओवर दोन गाण्यांच्या मधे कोणीतरी ‘ऐकत राहा’ म्हणतं आणि पुढचं गाणं सुरू होतं. ते कोण म्हणालं, हे कोणी विचारत नाही. आमच्या स्टेशनवर ते वर्षानुवर्षं माझी मावशी म्हणत होती. स्टेशनच्या स्वतःच्याच या छोट्या जाहिरातींना आम्ही प्रोमो म्हणतो. ते रेकॉर्ड करून, साफसूफ करून पुढे पाठवायचं काम माझं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर तिला ‘मावशी’ अशी हाक मारून बसले आणि ती अख्ख्या ऑफिसची मावशी झाली. आमचे साहेब तिच्यापेक्षा वयानं मोठे, पण तेही ‘मावशी, जरा फ्रेश होऊ द्या’ म्हणायचे. फ्रेश हा त्यांचा लाडका शब्द. ‘फ्रेश म्हणजे काय ते भाजीवाल्याला विचार,’ असं मावशी काचेतून मला नुसत्या ओठांनी सांगायची, आणि मला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

सकाळी ती यायची, चपला रेकॉर्डिंगच्या बूथबाहेर काढायची, कानातले काढून पर्समध्ये टाकायची आणि अर्धं सफरचंद खायची. सफरचंदानं तोंडातला चिकटपणा जातो, नाहीतर ओठांची प्रत्येक चुळबुळ माइकला ऐकू जाते. मग कागद एकदा वाचून उलटा ठेवायची. कागदाकडे बघून बोललं की कागदाशीच बोलल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.

एकदा वाहतुकीच्या बातम्यांचा प्रोमो होता. ‘रस्त्यात अडकलात? आम्ही आहोत सोबत.’ साहेबांना त्यात जोश हवा होता.

“अहो, अडकलेल्या माणसाला जोश दाखवला तर तो रेडिओच फोडेल,” मावशी म्हणाली. “त्याच्या शेजारच्या सीटवर बसून बोलायला हवं.”

आणि तिनं ते वाक्य थोडं कंटाळलेल्या, पाय लांब केलेल्या आवाजात म्हटलं. बस, तेवढंच. पण माझ्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी समोर बघितलं, जणू पुढे गाड्यांची रांग आहे. साहेब काही न बोलता उठून गेले. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळायची नाही.

प्रत्येक टेक झाला की मावशी जागची हलायची नाही. मान किंचित डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, एखाददुसरा श्वास ती तशीच थांबायची. मग म्हणायची, “पुन्हा.” किंवा म्हणायची, “झालं.” मला तिनं कधी ‘कसं वाटलं?’ विचारलं नाही. रेकॉर्ड केलेलं पुन्हा ऐकायला मागितलं नाही. आणि ती ज्याला ‘झालं’ म्हणायची, तोच टेक बरोबर असायचा. दरवेळी.

मी त्याला अनुभव म्हणायची.

२

त्या सकाळी ऑफिसनं मला नवे हेडफोन दिले होते. चांगले होते. इतके चांगले की दुसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार बंद झालेलंही फाइलमध्ये सापडायचं. मी सकाळच्या कार्यक्रमाचा एक प्रोमो साफ करत होते. श्वास काढ, ओठांचा आवाज काढ, शेवटची शांतता काप, असं नेहमीचं काम.

मावशीचं वाक्य संपलं होतं. तिचं ‘झालं’ अजून यायचं होतं. मधल्या त्या शांततेत पडद्यावरच्या सरळ रेषेला बारीकसा फुगवटा होता. धूळ बसावी एवढा. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला.

“हं.”

आपण कोणाचं बोलणं ऐकत असताना मधून मधून म्हणतो ना, तसा ‘हं’. त्यात कौतुक नसतं, होकारही नसतो. मी इथे आहे, कळतंय मला, एवढंच असतं त्यात.

मी बाकीचे टेक उघडले. मावशीनं ‘पुन्हा’ म्हटलं होतं त्या सगळ्यांत शेवटची शांतता स्वच्छ होती. ‘हं’ फक्त त्या एका टेकमध्ये होता.

मला हसूच आलं. म्हणजे बाईसाहेब स्वतःच स्वतःला पावती देतात तर! तोंड मिटून, मनातल्या मनात, आणि थोडंसं बाहेर सांडतं. मी तो तुकडा कापला, फाइल पाठवली आणि चहाला गेले.

३

चहा पिताना मला जे खटकलं, ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही खटकलं असतं.

आवाज किती लांबून येतो ते कानाला कळतं. माइकला तोंड लावून बोललेलं जाड लागतं, अंगावर येतं. दोन पावलं मागे सरकलात की त्यातलं अंग जातं. मावशी माइकपासून वीतभर अंतरावर उभी राहायची. तो ‘हं’ तिच्या मागून आला होता. खांद्यामागे कोणी उभं असलं तर येईल, तसा.

पण तिच्या मागे कोणी नव्हतं. बूथ म्हणजे न्हाणीघराएवढी खोली. चारही भिंतींना स्पंज, खाली गालिचा, एक उंच स्टूल, एक स्टँड, माइक, आणि माइकपुढे जाळीची गोल चकती, तोंडाची हवा अडवायला. दार इतकं जड की खांद्यानं ढकलावं लागतं. लपायला म्हटलं तर मांजरही लपणार नाही.

मी फ्यूजकाकांना बोलावलं. स्टेशनची सगळी दुरुस्ती त्यांच्याकडे. त्यांनी वायरी तपासल्या, माइक बदलला, काचेपलीकडे बोलायचं माझं बटण उघडून पुन्हा बसवलं. मग मी त्यांना तो तुकडा ऐकवला.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हे बघ,” ते म्हणाले, “मशीन गुरगुरतं, शिट्टी मारतं, कधी कधी दुसरं स्टेशनही पकडतं. पण मशीन ‘हं’ म्हणत नाही. माणसाचं आहे ते. तुझ्या मावशीला विचार.” आणि जरा थांबून, “माझं नाव नको घेऊस,” म्हणाले.

रिकामा बूथ मी दुपारभर रेकॉर्ड करून बघितला. काही नाही. मी स्वतः आत जाऊन वर्तमानपत्र वाचलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या फाइली काढल्या. मी नोकरीला लागायच्याही आधीच्या. त्यांत मावशीचा आवाज कोवळा, भरलेला, पितळेच्या भांड्यासारखा. आणि प्रत्येक चांगल्या टेकनंतर तो ‘हं’ होताच. फक्त फार लांब. भिंतीपलीकडून यावा इतका. जसजशी मी अलीकडे येत गेले, तसतसा तो जवळ आला. भिंतीच्या आत. दारापाशी. स्टुलाच्या मागे. एकदम कधीच नाही. नवा शेजारी आधी जिन्यात हसतो, मग दारात थांबतो, मग एक दिवस आत येऊन बसतो, तसा.

गेल्या महिन्यातल्या फाइलमध्ये तो तिच्या खांद्यापाशी होता.

मी हेडफोन काढला. भर दुपार होती, बाहेर कोणीतरी फोनवर मोठमोठ्यानं हसत होतं, आणि मला काचेकडे बघवेना.

४

त्याच सुमाराला स्टेशनचं रूप पालटायचं ठरलं. नवी गाणी, नवं संगीत आणि नवं घोषवाक्य. वरच्या मंडळींनी बऱ्याच बैठका घेऊन ते निवडलं होतं. तीन शब्द: ‘मी आहे ना.’

“सोपं आहे,” साहेब म्हणाले.

मावशीनं कागद हातात घेतला आणि नेहमीसारखा उलटा ठेवला नाही. त्याच्याकडे बघत राहिली. “सोपं नाही हो,” ती म्हणाली. “हे तर घरात कोणीतरी रोज कोणाला तरी म्हणतं. खोटं लागलं तर लगेच कळेल.”

ती बरोबर होती. ‘मी’वर जोर दिला की कोणीतरी निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटायचं. ‘आहे’वर दिला की भांडण. ‘ना’ लांबवला की लाडीगोडी. हसून म्हटलं तर टूथपेस्ट, हळू म्हटलं तर हॉस्पिटल. एकदा तिनं सगळा रंग काढून, अगदी सपाट म्हटलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द तेच, पण ती धमकी होती. मावशीनंच घाईघाईनं “पुन्हा, पुन्हा,” म्हटलं.

पुन्हा, पुन्हा. एक अख्खा आठवडा तेच. टेक संपायचा, ती मान कलती करून थांबायची, आणि तिचा चेहरा उतरायचा.

त्यात तिचा घसा. जुन्या कापडासारखा आवाज मधेच फाटायचा, मग खोकला. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ असल्याचं सांगितलं. साधीच आहे, पण काढावी लागेल, आणि तोवर बोलायचं नाही. मावशीनं शस्त्रक्रियेची तारीख घेतली आणि दुसऱ्या दिवशी सफरचंद घेऊन बूथमध्ये हजर.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “तिला दुखवायचं नाही मला,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांना नव्हतं दुखवायचं. “पण हे वाक्य वर्षानुवर्षं वाजणार आहे. आवाज ऐकलास ना तिचा? सोमवारी शेवटचा प्रयत्न. मी स्वतः येऊन बसतो. नाहीतर दुसरं कोणी बघू.”

५

रविवारी मी मावशीकडे गेले. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. काका गेल्यापासून ती एकटीच राहायची, पण घर टापटीप आणि कुंड्या अशा फुललेल्या, की खालून जाणारे वर बघत. मी काही बोलायच्या आधीच ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तू आईला सांगितलंस ना घशाचं? सकाळपासून चारदा फोन आला तिचा. मला बोलू नकोस म्हणते आणि प्रश्न विचारते.”

मी तिच्या हातातली बादली घेतली. “मावशी, बूथमध्ये तुझ्याबरोबर कोण असतं?”

ती चिमटे लावत राहिली. उशीचा अभ्रा लावला, टॉवेल लावला.

“नव्या हेडफोनमध्ये येतं वाटतं,” ती म्हणाली.

“म्हणजे तुला ठाऊक आहे?”

“मला न कळून कसं चालेल? त्याच्याशिवाय मला ‘झालं’ म्हणता येतं का?”

मी खाली बसले. ती पण बसली, समोर, पाटावर.

“काका आहेत का?” मी विचारलं. विचारताना मलाच लाज वाटली.

मावशी इतकी हसली की तिला खोकला लागला. “तुझे काका? त्यांनी कधी माझं ऐकलं होतं का? जेवायला वाढलंय हे तीनदा सांगावं लागायचं!” तिनं डोळे पुसले. “नाही गं. काकांच्या आधीपासूनचं आहे. मी अगदी नवखी होते. कोणाला पसंत पडत नव्हतं माझं काम. एक दिवस एक वाक्य बरं जमलं आणि मागून कोणीतरी ‘हं’ म्हणालं. मी वळून बघितलं. कोणी नाही. तशीच पळाले, चपला तिथेच टाकून.”

“मग?”

“दुसऱ्या स्टुडिओत जायला लागले. तिथे सगळे खूष. पहिलाच टेक ओके. घरी येऊन रेडिओवर ऐकलं तर नुसतं लाकूड. कोणाला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. शेवटी परत आले.” तिनं गुडघ्यावरचा ओला चिमटा पुसला. “खोटं बोललेलं त्याला चालत नाही. इतकं कान देऊन कोणी ऐकलं नाहीये माझं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, तूही नाहीस, तुला तुझी ती बटणं असतात.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना. अजून वाटते. पाठ गार पडते.”

“पण आहे कोण ते?”

“विचारलं नाही कधी. तू कोणाचं मनापासून ऐकत असलीस आणि त्यानं मधेच थांबून ‘तुम्ही कोण हो?’ म्हटलं, तर तू थांबशील का तिथे?”

मी बादली बाजूला सरकवली. मग मी सांगितलं, की ते जवळ येतंय. जुन्या फाइलींमध्ये भिंतीपलीकडे होतं आणि आता खांद्यापाशी आहे. मला वाटलं ती दचकेल.

तिनं हात गळ्यावर ठेवला.

“अगं, माझा आवाज बसत चाललाय,” ती म्हणाली. “लांबून ऐकू येत नसेल त्याला.”

६

सोमवारी मी तिला बूथमध्ये जाऊ द्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. बाहेरून एक स्टुडिओही ठरवला होता. मावशीनं ऐकून घेतलं, माझा गाल कुरवाळला आणि चपला काढल्या.

साहेब माझ्या मागच्या सोफ्यावर येऊन बसले. ऐकताना ते डोळे मिटतात. त्याचा त्यांना थोडा अभिमान आहे. मी लाल दिवा लावला.

पहिला टेक खोकल्यात गेला. दुसऱ्यात आवाज ‘ना’वर फाटला. मावशी पाणी प्यायली आणि पुन्हा उभी राहिली. पाय घट्ट रोवून, एक हात पोटावर, वीतभर अंतर सोडून. त्या मोडक्या आवाजातून ती जे काढत होती, ते मी अजून विसरले नाही. प्रत्येक वेळी ती वाक्याच्या जरा आणखी जवळ जात होती. एकदा ‘मी’ बरोबर लागला. एकदा ‘आहे’. तिच्या कपाळावर घाम होता आणि बोलत नसतानाही तिच्या ओठांवर ते तीन शब्द हलत होते. एवढ्याशा वाक्यासाठी एखादी बाई एवढं करते, हे बघून मला वाटलं, गेले खड्ड्यात साहेब, हिला उभं राहून सलाम करावा.

“पुन्हा,” ती म्हणाली. आता ते जेमतेम ऐकू आलं.

तिनं श्वास घेतला. आणि तेव्हा मी जाळीकडे बघत होते.

माइकपुढची ती गोल जाळी मी हजारदा बघितली आहे. बोलणाऱ्याच्या तोंडाची हवा लागली की ती माइककडे, म्हणजे बोलणाऱ्यापासून लांब, किंचित फुगते. मावशी अजून बोलली नव्हती. जाळी तिच्याकडे फुगली. हळूच. मग सपाट झाली. मग पुन्हा तिच्याकडे फुगली.

जाळीच्या पलीकडे, माइकच्या बाजूला, वीतभरही जागा नाही.

वातानुकूलन यंत्राचा झोत असेल, मी स्वतःशी म्हटलं. बूथमधलं यंत्र आम्ही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवतो, हे मला ठाऊक असताना म्हटलं.

मावशीला खोकल्याची उबळ आली. तिनं पटकन तळहात तोंडावर दाबला, घट्ट, दुसरा हात त्यावर. टेक वाया गेला म्हणून मी रेकॉर्डिंग थांबवायला खाली बघितलं. बोट बटणावर होतं आणि आवाज दाखवणारी हिरवी पट्टी वर चढली.

“मी आहे ना.”

कशावरही जोर नव्हता. कोणाला समजवायचं नव्हतं, काही विकायचं नव्हतं. आवाज मावशीचा होता, पण जुन्या फाइलींमधला, पितळेच्या भांड्यासारखा. आणि तो सांगत होता ते मला आधीपासून ठाऊक होतं, मी फक्त विसरले होते, असं वाटलं. माझे खांदे आपोआप खाली आले. भीती नंतर आली, पुष्कळ आली. पण त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं, आणि तेच आठवून अजून भीती वाटते.

मी वर बघितलं. मावशीचे दोन्ही हात तोंडावर तसेच होते.

हातांच्या वर तिचे डोळे मोठे झाले होते. त्यांत भीती मला दिसली नाही. पट्टीच्या गाणाऱ्याला दुसऱ्याच्या गळ्यातून ती एक जागा ऐकू आल्यावर, जी त्याला स्वतःला कधी मिळाली नाही, त्याचे डोळे होतील तसे ते झाले होते. तिची मान हळूहळू डावीकडे कलली. हात खाली आले.

“हं,” मावशी म्हणाली.

मग माझ्याकडे बघून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी: झालं.

मागून साहेबांनी नाक ओढल्याचा आवाज आला. ते उठले आणि माझ्या हाताखालचं बटण दाबून काचेपलीकडे ओरडले, “मावशी! हेच! हेच हवं होतं! काय आवाज लागलाय!” त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी ते आत्ता उघडले होते.

७

फाइल मी पुन्हा पुन्हा ऐकली. तोंडावर हात असता तर आवाज दबला असता. तो दबलेला नव्हता. खोकल्याआधी म्हणालेली असेल आणि मला उशिरा ऐकू आलं असेल, असंही धरून बघितलं. पण खोकला फाइलमध्ये आधी आहे. अंतर मोजायचा प्रयत्न केला तर अंतरच नव्हतं. माइकच्या पोटातून आल्यासारखं.

मावशी बाहेर बाकावर बसून कानातले घालत होती. भोक सापडत नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसून ते घालून दिले.

“ते मी नाही म्हटलं,” ती कुजबुजली. “तुला माहीत आहे ना?”

“साहेबांना सांगू?”

“सांग की. आणि लावशील काय? माझे ते फाटके टेक?” तिनं डोकं मागे भिंतीला टेकवलं. “तेच लाव. याच्याहून चांगलं म्हणता येत नाही. मी इतकी वर्षं बघितलंय करून.”

“मावशी, पण ते...”

“मी वाक्याच्या भोवती फिरत होते. त्यानं सरळ आत जाऊन म्हटलं.” तिच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि एक अजब आनंद. “इतकी वर्षं नुसतं ऐकून शिकलं गं ते. माझ्याकडून.”

मी ते लावलं.

लोकांचे फोन आले. एवढे कधी आले नव्हते. एका आजोबांना तो प्रोमो किती वाजता लागतो ते हवं होतं, म्हणजे ते त्या वेळी खुर्ची रेडिओपाशी घेऊन बसतील. एक माणूस म्हणाला, गाडी बाजूला घेऊन थांबलो. एका बाईंनी विचारलं, ते वाक्य झाल्यावर मी रेडिओ बंद करते, तरी खोलीत कोणीतरी कान देऊन बसल्यासारखं का वाटतं? मला वाटलं त्या तक्रार करतायत. “छे छे,” त्या म्हणाल्या. “मी हल्ली थोडं बोलते मग. बरं वाटतं.”

८

मावशीची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. गाठ साधी निघाली. काही आठवडे ती मुकी होती आणि आई रोज तिच्याकडे जाऊन दोघींचं मिळून बोलत होती. आवाज परत आला तो पॉलिश पेपरसारखा खरखरीत. डॉक्टर म्हणाले, एवढाच राहील. मला रडू आलं, तिला नाही आलं.

स्टेशननं नवी आवाजाची कलाकार घेतली. आधी ती एका मोठ्या कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. तिशीची, चुणचुणीत, स्वतःवर विश्वास नसलेली. ऑफिसात अजून तिचं नाव पडलं नव्हतं, सगळे नुसतं ‘नवी’ म्हणत. साहेबांनी मावशीला विनंती केली, काही दिवस येऊन हिला घडवा. मावशी आली आणि माझ्या बाजूला, काचेच्या अलीकडे बसली. बूथमध्ये तिनं पाऊल टाकलं नाही.

नवीला दुपारच्या कार्यक्रमाचं साधं वाक्य होतं: ‘दोन वाजता भेटू या.’ तिचं ते बँकेतल्या सूचनेसारखं येत होतं. मावशी माझं बटण दाबून तिला सांगायची, “अगं, कोणाला भेटणार आहेस? त्याला सांग, मला नको.” नवी पुन्हा म्हणायची. थोडं बरं. पुन्हा. आणखी बरं. पोरगी घाबरलेली होती, पण सोडत नव्हती. मावशी पुढे सरसावून बसली होती, डोळ्यांत चमक, अगदी स्वतः माइकसमोर असल्यासारखी.

“येईल हिला,” ती म्हणाली. “बघ तू.”

नंतरचा टेक आला आणि मी काम थांबवून ऐकलं. दोन वाजता खरंच कोणीतरी भेटणार होतं.

काचेपलीकडे नवी एकदम स्तब्ध झाली. मग तिनं मान वळवली, डावीकडे, खांद्यामागे, आणि हसली. पाठीवर कोणी शाबासकी दिल्यावर हसतात तशी.

“तुला ऐकू आलं?” मी मावशीला विचारलं.

“मला नाही येत आता,” मावशी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. “तिच्याकडे गेलं.”

“तिला सांगायला हवं, मावशी.”

“काय सांगशील?”

मी खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात जड दार ढकलून नवी बाहेर आली. चेहरा उजळला होता.

“मावशी, ते ‘हं’ तुम्हीच म्हणालात ना आत्ता?” ती म्हणाली. “इतकं छान वाटलं! एवढी वर्षं मीच लोकांचं ऐकत आलेय हो. माझं कोणी असं कधी ऐकलंच नव्हतं.”

मावशीनं माझ्याकडे बघितलं. काचेपलीकडे बोलायचं बटण आमच्या दोघींच्या मधे होतं. कोणाचा हात त्यावर नव्हता.

“हो गं बाळा,” मावशी म्हणाली. “मीच.”

नवीनं आनंदानं पुढचा कागद उचलला आणि ती परत निघाली. दारातून आत जाताना ती वळली, आणि मागून कोणी येत असलं की धरतात तसं दार हातानं जरा वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.

मावशीचा गार हात माझ्या मनगटावर आला.

“दिवा लाव,” ती म्हणाली. “ती थांबलीय.”

मी लाल दिवा लावला.